वसईचा किल्ला ते वज्रेश्वरीचे कुंड: ज्येष्ठांना घेऊन एका दिवसाची सहल

दादरच्या एका ताईंनी विचारले आहे की डिसेंबरच्या अखेरीस आई-वडिलांना आणि नववीतल्या मुलीला घेऊन, सोबत माहितगार मार्गदर्शक असलेली एका दिवसाची सहल करायची आहे. आईची बरीच वर्षांची इच्छा गरम पाण्याच्या कुंडात स्नान करण्याची आहे, तर वडिलांना जुने अवशेष पाहायचे आहेत. वडील ७४ वर्षांचे आहेत आणि रक्तदाबाची गोळी घेतात. आईला मधुमेह आहे. दोन्ही गोष्टी एका दिवसात झेपतील का, आधी काय पाहावे आणि सहल नेणारा माणूस कसा पारखावा, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. मुंबईहून अशा सहली मी बावीस वर्षे नेत आलो आहे आणि माझ्याबरोबर येणाऱ्यांत साठी ओलांडलेल्यांचीच संख्या अधिक असते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

दोन्ही गोष्टी एका दिवसात नक्की होतात, मात्र कुंड आणि अवशेष एकाच वाटेवरचे हवेत. आणि शक्यतो ते एकाच हकिकतीतले असावेत. सकाळी कान्हेरीची लेणी, दुपारी वज्रेश्वरी आणि परतताना अंबरनाथचे शिवमंदिर असा बेत कागदावर भरगच्च दिसतो, पण त्यात दिवसाचा मोठा भाग गाडीत जातो आणि संध्याकाळी आई-वडिलांना कोणते शिल्प कुठे पाहिले हेही आठवत नाही. अंबरनाथचे मंदिर शके ९८२ चे, म्हणजे इ.स. १०६० चे आहे आणि ते मध्य रेल्वेने जाऊन एका सकाळी निवांत पाहण्याच्या योग्यतेचे आहे. त्याला दुसऱ्या सहलीचे शेपूट करू नये. तुमच्यासाठी मी सुचवतो तो मार्ग असा: वसईचा किल्ला, वाटेत नालासोपाऱ्याचा स्तूप, मग शिरसाड फाट्यावरून वज्रेश्वरी आणि शेवटी अकलोली किंवा गणेशपुरीचे कुंड.

हा मार्ग सुचवण्यामागे अंतराची सोय आहेच, पण खरे कारण चिमाजी आप्पांचा नवस हे आहे. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली आणि पुढे दोनशे वर्षे ती त्यांच्या उत्तर प्रांताची राजधानी होती. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी घेतली तरी वसईचा किल्ला काही हाती येईना. त्या मोहिमेत चिमाजी आप्पांनी वडवलीच्या देवीला, म्हणजे वज्रेश्वरीला, नवस बोलला की किल्ला मिळाला तर तुझे मंदिर बांधीन, अशी या भागातली परंपरा सांगते. मे १७३९ मध्ये वसई पडली आणि टेकडीवर आज दिसणारे वज्रेश्वरीचे मंदिर उभे राहिले. सकाळी ज्या तटापाशी ही माणसे लढली तो तट पाहायचा आणि दुपारी त्याच लढाईचा फेडलेला नवस पाहायचा, असा दिवस आखला की मार्गदर्शकाला इतिहास ठोकळ्याठोकळ्याने सांगावा लागत नाही. वडिलांनी किल्ल्यात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यांना देवीच्या पायऱ्यांवर मिळते. माझ्या अनुभवात ज्येष्ठ मंडळींना सर्वांत जास्त समाधान याच जोडणीतून मिळाले आहे.

क्रमाबद्दल माझे मत ठाम आहे: अवशेष सकाळी आणि कुंड दुपारनंतर. पहाटे कुंडाला गर्दी कमी असते म्हणून अनेक जण उलटा क्रम सुचवतात. तरुणांच्या गटाला तो चालेल, तुमच्या आई-वडिलांना चालणार नाही. गरम पाण्यात बसल्यावर रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब उतरतो आणि बाहेर आल्यावर तासभर तरी अंग सैल पडते. अशा अवस्थेत खडबडीत जमिनीवर, उन्हात दीड-दोन तास चालणे म्हणजे तोल जाण्याला निमंत्रण देणे होय. शिवाय किल्ल्यातल्या पडक्या भिंतींवर सकाळचे तिरपे ऊन पडते तेव्हा दगडावरचे कोरीव काम जसे उठून दिसते, तसे ते दुपारी बाराला दिसत नाही.

दादरहून साडेसहाला निघालात तर सव्वाआठ-साडेआठपर्यंत किल्ल्यात पोहोचाल. किल्ला मोठा आहे. सगळा पाहण्याचा अट्टहास करू नका. भुई दरवाजा, त्याच्या आतली वळणाची वाट, एक-दोन चर्चचे अवशेष आणि दर्या दरवाजा एवढे पुरे. चर्चच्या आत गेल्यावर वर छप्पर नसते. कमानी तेवढ्या उभ्या असतात आणि भिंतींच्या सांध्यांतून वड-पिंपळाची मुळे उतरलेली दिसतात. तिथे थांबून पायांखाली पाहावे. फरसबंदीतले काही लांबट दगड म्हणजे थडग्यांवरच्या शिळा आहेत आणि त्यांवर पोर्तुगीज अक्षरे आहेत. एका सहलीत एका आजोबांनी आपल्या काठीच्या टोकाने अशा शिळेवरची माती हलकेच बाजूला सारली आणि एकेक अक्षर बोटाने गिरवत अर्धा तास तिथेच बसून राहिले. बाकीचा गट पुढे गेला. मी त्यांच्याजवळ थांबलो. मार्गदर्शकाला असा अर्धा तास देता आला पाहिजे. तुमच्या मुलीला गोन्सालो गार्सिया यांची हकिकत जरूर ऐकवा. वसईत जन्मलेला हा मुलगा पुढे जपानला गेला, १५९७ मध्ये नागासाकी येथे त्याला क्रूसावर मृत्यू आला आणि १८६२ मध्ये त्याला संतपद मिळाले. त्याच्या नावाचे चर्च किल्ल्यात आहे. मनोऱ्यांवर किंवा तटावर चढण्याचा आग्रह कोणी धरला तर ज्येष्ठांनी नम्रपणे नाही म्हणावे. पायऱ्यांना कठडा नाही आणि दगड झिजलेले आहेत. दर्या दरवाजाजवळ मात्र सपाट जागा आहे, समोर खाडी आणि कोळ्यांच्या होड्या दिसतात, तिथे आईला बसवून चहा द्यावा. वसईत सुकेळी मिळाली तर जरूर घ्या, पण आईच्या साखरेचा विचार करून. वाळवलेल्या केळ्यात गोडी दाट असते.

हा किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. भिंतीवर नाव कोरणे, दगड उचलणे हे १९५८ च्या कायद्याखाली गुन्हे आहेत आणि त्यांसाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही, म्हणून सहलीच्या जाहिरातीत ड्रोन चित्रीकरणाचे आश्वासन असेल तर परवानगीचा कागद आधी मागावा.

नालासोपाऱ्याचा स्तूप वाटेत येतो आणि तो बहुतेकांकडून निसटतो. पाहायला गेल्यास एक बुटका, हिरवळीत बसलेला ढिगारा आणि त्याभोवती विटांचे बांधकाम, एवढेच दिसते. चढ नसल्याने आई-वडिलांना त्रास नाही. पण हे शूर्पारक आहे, कोकणची प्राचीन राजधानी आणि समुद्रापारच्या व्यापाऱ्यांना ठाऊक असलेले बंदर. स्थानिक लोक ज्याला बुरुड राजाचा कोट म्हणत, तो ढिगारा १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उकरला, तेव्हा आत दगडी पेटी मिळाली. पेटीत तांब्याचा करंडक होता, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात भिक्षापात्राचे मानले गेलेले तुकडे होते. तांब्याच्या करंडकाभोवती बुद्धांच्या आठ धातुमूर्ती मांडलेल्या होत्या. ते अवशेष आता मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ताब्यात आहेत. अशोकाच्या शिलालेखांचे तुकडेही सोपारा परिसरात मिळाले. १९५६ मध्ये भुईगावला मिळालेला नवव्या आदेशाचा तुकडा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. माझी सूचना अशी की सहलीच्या आधीच्या रविवारी मुलीला फोर्टला नेऊन तो दगड दाखवावा. ब्राह्मी अक्षरे एकदा डोळ्यांखालून गेली की सोपाऱ्याचा तो मुका ढिगारा तिच्याशी बोलू लागेल. किल्ल्यात उशीर झाला, तर स्तूप गाळायला हरकत नाही; वज्रेश्वरीला घाईने पोहोचण्यापेक्षा ते बरे.

महामार्गावरून शिरसाड फाट्याला वळले की रस्ता अंबाडीच्या दिशेने जातो आणि दुपारी एकच्या सुमारास वज्रेश्वरी येते. आधी जेवण करा आणि नंतर तास-दीड तास निव्वळ विश्रांती घ्या. भरल्या पोटी कुंडात उतरू नये, ही सूचना नाही, अट आहे. गणेशपुरीत भगवान नित्यानंदांच्या दक्षिणी भक्तांमुळे इडली-डोसा चांगला मिळतो आणि मधुमेही माणसाला वेळेवर हलके खायला मिळणे महत्त्वाचे असते. ऊन उतरल्यावर मंदिरात जावे. बावन्न दगडी पायऱ्या आहेत. एका पायरीवर सोनेरी कासव आहे, तिथे भाविक हात लावून पुढे जातात. वडिलांना तिथे दोन मिनिटे बसवा आणि मागे वळून पाहायला सांगा. भोवतीची दगडी तटबंदी आणि नगारखान्याचे दार पाहून सकाळचा किल्ला आठवला नाही, असे क्वचितच होते.

आता पाण्याविषयी. वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी येथे तानसा नदीच्या काठाने आणि पात्रात गरम झरे आहेत. देवीने मारलेल्या दैत्याचे रक्त म्हणजे हे पाणी, अशी स्थानिक आख्यायिका आहे आणि ती मार्गदर्शकाने आदराने सांगावी. मुलीला मात्र दुसरी बाजूही सांगावी. जवळपास ज्वालामुखी असेल, असा सर्रास गैरसमज आहे. आपल्या पायांखालचा काळा कातळ ज्वालामुखीचाच आहे, पण तो थंड होऊन सुमारे साडेसहा कोटी वर्षे लोटली. पाणी तापते ते वेगळ्या कारणाने. जमिनीत खोल जावे तसे तापमान दर किलोमीटरला साधारण पंचवीस-तीस अंशांनी वाढते. पावसाचे पाणी कातळातल्या भेगांतून खूप खोल उतरते, तिथे तापते, वाटेत क्षार विरघळवून घेते आणि दुसऱ्या भेगेने, थंड व्हायला वेळ मिळण्याआधी वर येते. कोकणात अशा झऱ्यांची एक रांगच आहे. ती उत्तरेला पालघर जिल्ह्यातील कोकनेरपासून दक्षिणेला राजापूरपर्यंत सह्याद्री आणि समुद्र यांच्यामध्ये सुमारे तीनशे किलोमीटर पसरली आहे. वर येणाऱ्या पाण्याचे तापमान ठिकाणाप्रमाणे सुमारे ३४ ते ७१ अंश सेल्सिअस असते. याचा व्यवहारातला अर्थ एवढाच की कुंड म्हटले की पाणी सोसवेलच, असे नाही. शेजारशेजारच्या दोन कुंडांतही मोठा फरक असतो.

म्हणून माझ्या पिशवीत नेहमी एक साधा तापमापक असतो. चाळीस अंशांच्या वर पाणी असेल, तर मी ज्येष्ठांना आत बसू देत नाही. काठावर बसून तांब्याने अंगावर घ्यायला सांगतो. ही सवय मला एका प्रसंगाने लागली. काही वर्षांपूर्वी गटातल्या एका मावशींनी पाय कुंडात सोडले आणि म्हणाल्या, "कोमटच तर आहे." त्यांच्या शेजारच्या बाईंनी बोट बुडवले आणि झटकन काढून घेतले. मी वाकून पाहिले तर मावशींचे पाय घोट्यापर्यंत लालभडक झाले होते, जणू कोणी रेघ मारून रंगवले होते. दीर्घकाळच्या मधुमेहाने पायांची संवेदना कमी झाली होती आणि हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हते. ताई, तुमच्या आईसाठी मी हा प्रसंग मुद्दाम लिहितो आहे. त्यांच्या पायांना काय वाटते यावर विसंबू नका. तापमापक वापरा, नसेल तर तुमचा कोपर पाण्यात बुडवून पाहा. आणि पायाला भेग किंवा जखम असेल, तर त्या दिवशी कुंड नको.

वडिलांची काळजी वेगळी आहे. त्यांना धोका आत बसताना कमी आणि बाहेर येताना जास्त आहे. एक काका दहा मिनिटे मजेत बसले, पण हाक ऐकून एकदम उभे राहिले आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन पायरीवर कोसळले. सुदैवाने माझा सहकारी हाताच्या अंतरावर होता. तेव्हापासून आमचा नियम असा आहे: दहा मिनिटांपेक्षा जास्त नाही, पाणी छातीच्या खाली, उठताना आधी पायरीवर बसायचे, एक मिनिट थांबायचे, मग कोणाचा तरी हात धरून उभे राहायचे. बाहेर आल्यावर साधे पाणी प्यायचे आणि पंधरा मिनिटे सावलीत बसायचे. रक्तदाबाची गोळी कोणत्या वेळी घ्यावी आणि कुंडात उतरावे की नाही, हे निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांना विचारा; सहल नेणाऱ्याने याचे उत्तर देऊ नये आणि दिले तर मानू नये. हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी गरम कुंड टाळावे.

मुलीसाठी एकच कडक सूचना आहे: डोके पाण्याखाली न्यायचे नाही आणि नाकात पाणी जाऊ द्यायचे नाही. कोमट, निर्जंतुक न केलेल्या पाण्यात एक प्रकारचा अमिबा असू शकतो, तो नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचतो. असे क्वचित घडते, पण घडले तर बहुधा प्राणघातक ठरते आणि टाळणे मात्र इतके सोपे आहे की जोखीम घेण्याचे कारणच नाही. हे पाणी पिऊही नये. त्वचारोग हमखास बरे होतात असे कोणी सांगितले, तर ऐकून घ्यावे. सांधे दुखणाऱ्या माणसाला उबेने बरे वाटते एवढे मी डोळ्यांनी पाहिले आहे आणि त्यापुढचा दावा मी करत नाही. चांदीचे पैंजण, साखळी घरी ठेवा, गंधकाच्या अंशाने ते काळे पडतात. साबण-शाम्पू कुंडात वापरू नये. नंतर उतरणारा माणूसही आपल्याइतक्याच श्रद्धेने आलेला असतो. बायकांना कपडे बदलण्याची सोय सगळीकडे सारखी नाही, म्हणून मार्गदर्शकाने आदल्या दिवशी स्थानिक माणसाला फोन करून कोणते कुंड स्वच्छ आहे आणि कुठे आडोसा आहे हे विचारलेले असावे.

यावरूनच माणूस कसा पारखावा याकडे येतो. किंमत शेवटी विचारा. पहिला प्रश्न हा विचारा की तुम्ही या कुंडावर शेवटचे कधी गेला होता आणि त्या दिवशी पाणी किती गरम होते. ज्याला हे सांगता येत नाही, तो गाडी भाड्याने देतो, सहल नेत नाही. दुसरा प्रश्न गटाच्या आकाराचा. ज्येष्ठ असतील, तर एका मार्गदर्शकामागे बारा माणसांपेक्षा जास्त नकोत आणि कुंडापाशी दुसरा माणूस हवाच. तिसरा प्रश्न गाडीचा. नंबर प्लेट पिवळी हवी, म्हणजे प्रवासी वाहतुकीचा परवाना. सुरुवातीच्या दिवसांत एका वाहन पुरवठादाराने मला आयत्या वेळी खासगी, पांढऱ्या प्लेटची गाडी पाठवली आणि मी ती घेतली. वाटेत तपासणीत अडकलो, दोन तास महामार्गाच्या कडेला ज्येष्ठ मंडळी उन्हात बसून राहिली आणि त्या दिवशी वज्रेश्वरी झालेच नाही. चूक माझीही होती, कारण गाडी दारात आली तेव्हा मी ती परत पाठवू शकत होतो. पैशांच्या बोलीत पथकर, पार्किंग, चालकाचा भत्ता आणि जेवण धरले आहे का हे लेखी घ्या. चालक आणि मार्गदर्शक एकच माणूस असेल तर तसले आमंत्रण घेऊ नका. जो गाडी राखतो, तो कुंडाच्या पायरीवर उभा राहू शकत नाही.

डिसेंबरचा शेवट ऋतू म्हणून उत्तम, पण २५ तारखेनंतरचा आठवडा गर्दीचा असतो. शनिवार-रविवार टाळून आठवड्याच्या मध्ये जाता आले तर जावे. पावसाळ्यात ही सहल मी नेत नाही. तानसा फुगली की काठची कुंडे पुराच्या पाण्याखाली जातात, पायऱ्यांवर शेवाळ धरते. पालीजवळचे उन्हेरे आणि महाडजवळचे सव हे पर्यायही लोक विचारतात. उन्हेऱ्याबरोबर ठाणाळे किंवा खडसांबळे लेणी जोडता येतात, पण दोन्हीकडे जंगलातली चढण आहे, ती तुमच्या वडिलांना सोसणार नाही. महाडला सवचे कुंड आणि गांधारपाले लेणी ही जोडी सुंदर आहे. मात्र मुंबईहून तिथे एका दिवसात जाऊन येणे दमछाक करणारे आहे, एक मुक्काम करावा.

साडेतीनला कुंड, साडेचारला कपडे बदलून चहा आणि पाचच्या आत गाडीत, असे ठेवा. परतीला महामार्ग आणि घोडबंदर दोन्ही तुंबले असतील, तर चालकाला अंबाडीवरून भिवंडी-ठाण्याचा रस्ता विचारून घ्या. मुलीसाठी एक रिकामी काचेची बाटली बरोबर असू द्या. कुंडाच्या पाण्याने भरून घरी आणा, स्टीलच्या स्वच्छ ताटलीत ओता आणि गच्चीवर उन्हात ठेवा. शेजारी दुसऱ्या ताटलीत तेवढेच नळाचे पाणी ठेवा. दोन्ही आटल्यावर कोणत्या ताटलीत पांढरा थर जाड बसला, ते तिला नखाने खरवडून पाहू द्या.